पत्रिकेतला गायब गणपती
झेंडूचा वास आला की मला डोंबिवलीतलं लग्नपत्रिका छापायचं ते दुकान आठवतं, नव्वदीच्या अखेरचं, जिथे मी बघून बघून कॉम्प्युटर शिकले. दसऱ्याचा दुसरा दिवस, आणि माझ्या पडद्यावर पत्रिकेत गणपतीच्या जागी नुसती रिकामी चौकट! चित्रांची सीडी मालकांच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये असायची, तिथून चित्रं वायरीने माझ्याकडे यायची. मालक टेबलाखाली शिरून वायरी हलवतायत, आणि नवरीचे वडील आमच्या डोक्यावर उभे. "अहो, संध्याकाळच्या एसटीने कुलदैवताला पहिली पत्रिका न्यायचीय. ही चौकट ठेवू देवापुढे?" मालकांनी खालूनच विचारलं, "वहिनी, काल मशीनला कोणी हात लावलेला?" "छे हो, दसऱ्याची पूजा केली तेवढीच, बाकी कोणी नाही," मी म्हटलं आणि जीभ चावली. सीडी बाहेर काढली, तर चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची पाच बोटं, माझीच! तीच बाजू देखणी वाटलेली ना मला. पदराने पुसून आत सरकवली, तर गणपती सोंडेसकट हजर. वडिलांनी पडद्यालाच हात जोडले. मालक गुडघे झटकत म्हणाले, "पुढच्या वर्षी कुंकू मला लावा वहिनी, मी तरी बंद पडणार नाही." आता दसऱ्याला नातीचा लॅपटॉप पूजते मी, पण ती मला लांबूनच अक्षता टाकायला लावते.