बय्यूमीचा काटकोन

तांता शहरातल्या बय्यूमी फरशीवाल्याने चाळीस वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांच्या जमिनी सपाट केल्या. त्यात उजवा गुडघा झिजून संपला. सर्जनने नवा बसवला आणि बजावलं, "पंधराव्या दिवशी गुडघा काटकोनात वाकला पाहिजे. नव्वद अंश. नाही वाकला, तर परत आणून, भूल देऊन आम्हीच वाकवू."

बय्यूमीला दुखण्याचं भय नव्हतं. भय होतं भुलीचं. पहिल्या वेळी शुद्धीवर येताना त्याने सर्जनला "माल पातळ झालाय, गाढवा" म्हणून झापलं होतं आणि परिचारिकेला लग्नाची मागणी घातली होती. बायको अवातिफ उशाशीच उभी होती.

"जा की पुन्हा," ती आता रोज म्हणायची. "बिचारीचं उत्तर द्यायचं राहून गेलं असेल."

म्हणून बय्यूमी मजुरीवर गेल्यासारखा व्यायाम करी. सकाळी शंभर वेळा टाच मागे ओढायची, दुपारच्या नमाजानंतर पुन्हा शंभर. अर्धवट ओढलेली धरायची नाही.

आडवे येत ते पाहुणे. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोण येतो? आणि गुडघा म्हटल्यावर घराघरातून गाईच्या पायांचं सूपच आलं. सातव्या दिवशी पातेली जिन्यात ठेवावी लागली.

"आणखी एक वाटी घ्या," शेजारची उम्म रजब म्हणाली. "वंगण आहे ते."

"ताई, नवा गुडघा धातूचा आहे."

"मग तर वंगण हवंच!"

येईल त्याला उठून सलाम करायचा, ही बय्यूमीची रीत. पाहुणे "बसा, अल्लाची शपथ आहे" म्हणत. हा काठी टेकून उठेच. त्यात सोफ्याचं काहीतरी बिनसलं होतं. बसलं की माणूस घसरत पुढे येई.

"भूल अजून अंगात आहे," बय्यूमी म्हणे.

चौदाव्या दिवशी त्याने सोफ्यावर बसून पाय खाली सोडला आणि गुडघ्यापासून ओळंबा धरला. नडगी दोरीला बरोबर समांतर. काटकोन! त्याने अवातिफला हाक मारली, उम्म रजबला मारली, खालच्या इस्त्रीवाल्याला खिडकीतून ओरडून सांगितलं. उम्म रजबने गॅलरीत येऊन जीभ फिरवत असा आनंदाचा चीत्कार केला, की गल्लीला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी व्यायाम घेणारी डॉक्टर नेरमीन आली. तिने कोनमापक लावला.

"अठ्ठ्याहत्तर."

"ओळंबा खोटं बोलत नाही, डॉक्टरबाई."

"माझा कोनमापकही नाही, काका."

बय्यूमीने पाणसळ मागवली आणि सोफ्यावर ठेवली. बुडबुडा पळत मागच्या टोकाला गेला. त्याने सोफ्याची चादर वर केली. मागच्या दोन्ही पायांखाली पाच-पाच फरश्या. त्याच्याच, कामावरून उरलेल्या.

"उठायला सोपं जावं म्हणून ठेवल्या," अवातिफ म्हणाली. "ऊठसूट सलाम ठोकत असता ना!"

'आधी बैठक तपासा, मग ओळंबा लावा,' असं बय्यूमीने हाताखालच्या गड्यांना जन्मभर ओरडून सांगितलं होतं. एका औषधवाल्याच्या दुकानाची फरशी बोटभर चुकली म्हणून स्वखुशीने उखडलीही होती.

"काढा त्या," तो म्हणाला.

इस्त्रीवाल्याने वर येऊन फरश्या काढल्या. नेरमीनने नडगीवर हात ठेवून जोर लावला. बय्यूमी ओरडला. ब्याऐंशी. आणखी ओरडला. पंच्याऐंशी. इस्त्रीवाला शर्ट जळत असल्याचं सांगून निघून गेला. अठ्ठ्याऐंशीला बय्यूमी घामाने न्हाला.

"पुरे, काका," नेरमीन म्हणाली. "दोन अंश मी सोडले. सर्जनला नव्वद कळवते."

"सोडले?" बय्यूमी लाल झाला. "लोकांच्या न्हाणीत मी दोन अंश सोडले असते, तर पाणी त्यांच्या गादीत शिरलं असतं. तुम्ही चहा घ्या. पेला रिकामा व्हायच्या आत नव्वद देतो."

"आणि नाही झाले तर?"

"तर अठ्ठ्याऐंशी लिहा. भूल तर भूल."

नेरमीन चहा पिऊ लागली. बय्यूमी टाच मागे ओढू लागला. पेला अर्धा होताच अवातिफने तो पुन्हा भरला.

"ही लबाडी आहे," बय्यूमी दात आवळून म्हणाला.

"हा पाहुणचार आहे," अवातिफ म्हणाली. "तुम्ही तुमचं काम करा."

तिसऱ्या पेल्याला नेरमीनने पुन्हा कोनमापक लावला. खाली वाकून नीट पाहिलं.

"एक्क्याण्णव!"

अवातिफने सुटकेचा श्वास सोडला. बय्यूमीने मात्र कपाळाला आठी घातली.

"एक जास्त कसा आला? परत मोजा."