भोर सरांनी न दिलेले सोपे उत्तर

भोर सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या अवसरीच्या शेतात झाली, आणि ती काही चांगली झाली नाही.

नुकतीच नांगरट झाली होती. मंचरच्या शाळेत इतिहास शिकवणारे भोर सर ढेकळांतून वाकून काहीतरी शोधत चालले होते. जुन्या मडक्यांच्या खापऱ्या गोळा करतात, असे कळले. आपली वैशाली पुढे यांच्याच वर्गात जाणार, म्हणून मी आणि माझी पत्नी सुमन यांनी रविवारी शेतभर फिरून पोतेभर खापऱ्या वेचल्या. मी त्या सायकलवर लादून पेठला सरांच्या घरी नेल्या. सुमन एस.टी.ने आली. सरांनी पोत्यात डोकावले आणि कपाळाला हात लावला.

"कुठनं उचलल्या ह्या?"

"शेतातनं."

"आवो भाऊ, शेतात कुठनं? बांधाकडनं, विहिरीकडनं, का मधनं? समद्या एकात कालवल्या तुमी! कंची कुठं व्हती तेच कळंना, मग मी ह्यांचं काय करू? आमटी?"

सुमन घरी येईपर्यंत हसत होती. मी वर्षभर सरांच्या दारात गेलो नाही.

सरांच्या गौरव अंकासाठी समितीने लेख मागितला तेव्हा मी कळवले, की मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, अहवालापलीकडे काही लिहिलेले नाही, आणि सरांबद्दल खरे लिहायचे तर त्यांच्यावर किती चिडलो होतो तेही लिहावे लागेल. तरी लिहा, असे उत्तर आले. म्हणून लिहितो.

सर मुलांना जुन्नरच्या लेण्यांवर नेत, पण फोटो काढायला थांबू देत नसत. पाण्याच्या टाक्यांची तोंडे टेपने मोजायला लावत. माप चुकले की खाली उतरलेल्या मुलाला पुन्हा वर चढवत. वैशाली पहिल्यांदा रडत घरी आली. पुढच्या सहलीला तीच सर्वांत आधी तयार होती. दहावीनंतर तिने ठरवून टाकले, की पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र शिकायचे आणि जमल्यास काही महिने परदेशातही शिकून यायचे. सुमनने तिला होकार दिला. मी विचार करतो म्हणालो.

वैशाली बारावीला असताना दिवाळीनंतर सुमन गेली. त्या दिवसांत सर रोज संध्याकाळी लुनावरून येत, ओट्यावर बसत, वैशालीचा अभ्यास घेत आणि जात. सांत्वनाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. मला तेच बरे वाटले.

निकालानंतर मात्र त्यांनी माझा जीव नकोसा केला. पुण्यातल्या एका नव्या कॉलेजचे गुळगुळीत माहितीपत्रक आले होते. दोन्ही विषय होते, सहा महिने परदेशात पाठवण्याची सोय फोटोसह छापलेली होती, आणि मुलगी शनिवारी घरी येऊ शकली असती. मला एवढे पुरे होते. सर म्हणाले, "बघून येऊ."

तिथे त्यांनी कार्यालयातल्या क्लार्कला विचारले, "परदेशी जाऊन आलेली एखादी मुलगी भेटवा."

"ते पुढच्या वर्षीपासून सुरू होतंय, सर."

"मग ह्यो फोटो कुणाचा हाय?"

क्लार्कने माहितीपत्रकातला फोटो असा पाहिला, की तो त्यालाही पहिल्यांदाच दिसला असावा. एवढ्यावर सर थांबले नाहीत. "तुमी खापऱ्या धुता कुठं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तिकडच्या परीक्षेचे गुण इकडे धरणार का, हे लेखी आणायला त्यांनी मला आणखी दोनदा पुण्याला पिटाळले. लेखी कोणी दिले नाही. अर्जाची मुदत संपत आली होती. "कोणतं चांगलं ते सांगून टाका ना," म्हटले, तर म्हणाले, "आजून दुसरं बघितलंय कुठं?"

दुसरे परराज्यात होते. तिघे गेलो. इमारत जुनी होती आणि माहितीपत्रक संपलेले होते. व्हरांड्यात धुतलेल्या खापऱ्या वाळत होत्या, आणि वाळलेल्या प्रत्येकीवर कुठे सापडली याचा क्रमांक शाईने घातलेला होता. परदेशातल्या उत्खननावरून परतलेली साताऱ्याची एक मुलगी भेटली. तिकडचा एक पेपर इकडे धरला नाही, तो पुन्हा द्यावा लागला, हेही तिने सांगितले. मला ते वाईट लक्षण वाटले. सर खूश झाले. "खरं बोलत्यात हितं," म्हणाले. वैशालीचे लक्ष व्हरांड्याकडे होते.

परतल्यावर दोन दिवसांनी मी तिला न सांगता पेठला गेलो. "सर, पुणंच बरं, असं तुम्ही तिला सांगा. तुमचं ती ऐकेल."

सर म्हणाले, "भाऊ, मला एकट्याला घरात ऱ्हावत न्हाई, असं तुमी सांगा तिला. ते खरं हाय, आन ती ऐकंल बी. पर चांगल्या कॉलेजला माझ्या तोंडनं वाईट म्हनवून घेऊ नका."

मला संताप आला. "तुमची मुलगी असती तर?"

"तर मी बी असाच कुणाच्या तरी दारात गेलो असतो. आन त्यानं मला च्या पाजून माघारी लावावं, एवढीच माझी आपेक्षा असती."

वहिनींनी चहा आणला. मी तो घेतला आणि माघारी आलो. वैशालीला मी काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी परराज्यातल्या कॉलेजच्या अर्जावर सही केली.

ती तिथे शिकली. तिसऱ्या वर्षी सहा महिने परदेशात राहून आली. आज उत्खननांवर काम करते. सरांना येणारी तिची पत्रे मला येणाऱ्या पत्रांपेक्षा लांब असतात, याचा मला अजूनही राग येतो. दर सुट्टीत ती आधी पेठला उतरते. इतक्या वर्षांत सरांनी माझ्या त्या दिवशीच्या खेपेचा विषय तिच्यापाशी एकदाही काढलेला नाही. वहिनींनीही नाही.

हा अंक तिच्या हाती पडेल. तेव्हा मीच सांगतो. वैशाली, मी तुला अडवायला गेलो होतो. सरांनी ऐकले नाही.

सरांच्या गुडघ्यांना आराम पडो आणि त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मे महिन्यात वैशाली येईल आणि याबद्दल मला विचारेल. तेव्हा सर माझ्या शेजारी बसलेले असावेत.