लाल दिव्यावरची चिकटपट्टी

ताराचंदभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो. रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता त्या डब्याचं उत्तर मला एकट्यालाच द्यावं लागणार... दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

आमगावच्या शाळेत ते मराठी शिकवायचे आणि मी कॉम्प्युटर, तोही बेताचाच. १९९९ पासून हा माणूस टेपरेकॉर्डर घेऊन लग्नाच्या मांडवांत फिरायचा. हळदीच्या गाण्यांना म्हाताऱ्या बाया बसल्या की हेही त्यांच्यात मांडी घालून बसत. "मास्तर, तुमाले आमच्यात कायले बसाचं असते?" म्हणून बाया हसायच्या. सगळ्यात जास्त गाणी मिळाली ती सालेकशाच्या त्यांच्या सासूबाईंकडून. जावयासमोर गायचं कसं, म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून गायच्या आणि जावई दाराआडून टेप धरून उभा राहायचा. सासूबाई गेल्या, पण त्यांचा आवाज भाऊंकडे राहिला.

पुढे पावसाळी हवेनं कॅसेटींना बुरशी धरली, तेव्हा आम्ही गाणी कॉम्प्युटरवर उतरवली. तोही भरला. मग घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून ऐकता येतील अशा, पण मास्तराला परवडेल अशा साठवणीच्या डब्याचा शोध सुरू झाला. आम्ही गोंदियाला चार चकरा मारल्या. शेवटी दोन हार्डडिस्कचा एक साधा डबा पसंत पडला. दुकानदारानं बजावलं, "सर, दोनों में एक ही चीज रखो. एक गई तो दूसरी में सब मिलेगा. बस, जगह आधी हो जाएगी."

भाऊ बाहेर येऊन माझ्यावरच उखडले. "दोन बैल जुंपाचे अन् एकानंच ओढाचं? दुसऱ्यानं काय नुसतं संगं चालाचं?"

मी हसलो. खरं म्हणजे तिथं मी अडवायला हवं होतं. पण शहाणपणा मिरवायची मलाही हौस! घरी जाऊन मीच दोन्ही डिस्क जोडून एक मोठी जागा करून दिली; त्यात प्रत्येक गाणं तुकड्यातुकड्यानं दोन्ही डिस्कवर वाटलं जाई. गाणी तिच्यात टाकली आणि कॉम्प्युटरवरची पुसली. बुरशीच्या कॅसेटी भाऊंनी आधीच फेकल्या होत्या.

दोन वर्षांनी एक डिस्क गेली. नागपूरला दाखवून आणली. दुसरीवर प्रत्येक गाण्याचे नुसते तुकडे उरले होते, सलग एक ओळसुद्धा ऐकू येईना. डब्यावरच्या दोन हिरव्या दिव्यांपैकी एक लाल झाला, तो भाऊंनी काळ्या चिकटपट्टीनं झाकला. "घरी सांगू नोको, बापा," एवढंच म्हणाले. कौसल्या वहिनी आईचं गाणं लावा म्हणाल्या की हे म्हणत, "शोधून देतो." जन्मभर आवाज गोळा केलेला माणूस स्वतःच्या घरात तोंड उघडायला भीत होता. मी जाणंच कमी केलं. दोघेही त्या डब्यात अडकलो होतो, आणि त्यात जास्त एकटे पडले ते भाऊ.

परवा वहिनींनी बोलावलं. डबा अजून चालू होता, त्याच टेबलावर, झाडूनपुसून लख्ख.

"भाऊजी, पोरीच्या हळदीत आईचा आवाज लावाचा हाये. यायले सांगून सांगून थकली मी," भाऊंच्या फोटोकडे बघत त्या म्हणाल्या. "ही पट्टी काऊन लावली होती यायनं?"

पट्टीचा एक कोपरा पुसून पुसून सुटला होता. मी तो अंगठ्यानं परत दाबला. "शोधून देतो, वहिनी," म्हणालो.

"ते बी असंच म्हनत," म्हणत त्या चहा ठेवायला उठल्या.

मी चहा पिऊन आलो. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही. वहिनी रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, म्हणून हे इथं लिहितो आहे. भाऊंनी फसवलं नाही, ते भ्याले. डिस्क मी जोडल्या होत्या.

वहिनी, ती पट्टी काढून बघा.