विहीणबाईंचं चार्जिंग

माझ्या सुनेच्या आईसारखी बाई अख्ख्या महाराष्ट्रात दुसरी नसेल, आणि नसलेलीच बरी, कारण माझ्या काळजाला एकच झेपत नाही. विहीण म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? जरीची साडी, मानाचा पाट आणि 'आमचं काही नाही हो' म्हणत रुसून बसणं. आमच्या विहीणबाई लग्नानंतर पहिल्यांदा बोईसरला आल्या त्या एडवणहून सायकलवर, डोक्याला हेल्मेट, साडीचा काष्टा घालून. मी ओवाळायला ताट घेऊन दारात उभी, तर बाई विचारतात, "ताई, प्लग कुठं हाय?" आमचे हे मॅच बघत होते. बाईंनी टीव्हीची पिन काढली आणि सायकलची लावली. ह्यांचा आ वासलेला, माझ्या हातात ताट तसंच.

विजेवर चालणारी ही सायकल त्यांनी स्वतः केलेली. यजमानांचं पालघरला मोटरी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. ते गेल्यावर बाईंनीच ते चालवलं. साठी उलटल्यावर मुलीची जुनी सायकल माळ्यावरून काढली, चाकात मोटर बसवली आणि भंगारातल्या बॅटऱ्यांतले चांगले सेल निवडून पोह्याच्या स्टीलच्या डब्यात भरले. डबा कॅरियरला बांधला. एकदा चिवडा असेल म्हणून मी तो उघडायला गेले, तेव्हा बाई माझ्यावर ओरडल्या, पहिल्यांदा आणि शेवटचं.

आधी शिरगावपर्यंत जायच्या, मग डहाणू, मग जव्हारचा घाट चढून थेट नाशिक! वाटेत बॅटरी संपली तर काय करता, असं मी विचारलं. घर दिसेल तिथं वीज मागायची म्हणे. आणि खरंच मागतात हो. पिठाची गिरणी, सलून, देऊळ, काही वर्ज्य नाही. नियम एकच, ज्याची वीज खाल्ली त्याचं काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय उठायचं नाही. मोखाड्याकडे एका चालू बारशात शिरल्या, बंद मिक्सर सुरू करून दिला आणि वर बाळाच्या कानात कुर्र करून निघाल्या. खरी आत्या बघतच राहिली.

आता माझं सांगते. माझा धाकटा भाऊ कराडकडे असतो. माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव छापायचंच राहिलं. पत्रिका मीच तपासली होती. भाऊ लग्नाला आला नाही, मंगलाष्टकांना मुलाच्या पाठीशी मामाची जागा रिकामी राहिली आणि सात वर्षं आमचं बोलणं बंद. रोज फोन करावासा वाटे, रोज हात मागे येई. एकदा विहीणबाईंपाशी मात्र रडले होते.

गेल्या थंडीत बाई म्हणाल्या, सायकलवरून कोल्हापूरच्या देवीला जाऊन येते. मला घामच फुटला. सातव्या दिवशी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, संपलं, बाई घाटातून खाली गेल्या. पाहते तर एक ओसरी, तिथं खोललेला मिक्सर आणि त्याच्यामागे पांढऱ्या मिशांचा माझा भाऊ.

माझ्या हातातली परात खाली पडली.

"ताई, बॅटरी भराला तीन तास लागतात," बाई म्हणाल्या. "तवर मी काय हलत नाय. तुमी बोलून घ्या." फोन तांब्याला टेकवून त्या मिक्सरकडे वळल्या.

मीच आधी म्हणाले, "पत्रिका मी तपासली होती रे. चूक माझी होती." एवढंसं वाक्य, त्याला सात वर्षं लागली. तो म्हणाला, "आक्का, गुडघं कसं हाईत तुझं?" मला रडू आवरेना.

परवा भाऊ बोईसरला येऊन गेला. जाताना चप्पल घालता घालता त्यानं सांगितलं, की त्या दिवशी मिक्सर दहा मिनिटांत सुरू झाला होता, आणि तासाभरात चार्जरवर बॅटरी भरल्याचा हिरवा दिवाही लागला होता. विहीणबाईंनी हळूच त्यावर रुमाल टाकला आणि चांगला मिक्सर पुन्हा खोलायला घेतला.

"मी बघितलं होतं," भाऊ म्हणाला, "पर बोललो न्हाई."