उलटं झाकण

निर्मला मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. त्यांचा भाऊ सेवाग्रामच्या दवाखान्यातून बोलत होता. "ताई गेली, सर," एवढंच म्हणाला आणि रडू लागला. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच्याही आधी मनात संशय आला. पोरांना मन सांभाळायला शिकवणारी बाई पन्नाशीच्या आत अशी अचानक जाते म्हणजे... संध्याकाळपर्यंत गावातही तीच कुजबुज सुरू झाली. मी दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला गेलो, भावाला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. हृदय बंद पडलं होतं. दुसरं काही नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे. दुधानं तोंड पोळलेलं नसतानाही मी ताक फुंकून पितो.

आष्टीच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो, त्या मराठी शिकवायच्या. काही वर्षांपूर्वी वरून पत्र आलं, की मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी आठवड्याला एक तास घ्या आणि त्याच्या प्रशिक्षणाला एक शिक्षक पाठवा. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या, यांनी हात वर केला. आपणहून काम मागणारा माणूस मला कधीच सरळ वाटत नाही. आदर्श शिक्षकाचा पुरस्कार हवा असेल, नाहीतर वर्ध्याला बदली, असा माझा अंदाज होता. त्यांना दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही, त्यांनी मागितलंही नाही. पण मी बरेच दिवस वाट पाहिली.

गुरुवारचा शेवटचा तास त्यांना दिला होता. 'कसं वाटतं?' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'चांगलं वाटते मॅडम' म्हणायचा, तपासणीला साहेब आले की म्हणतात तसंच. मग एक दिवस त्यांनी खिचडीच्या शेडमागे पडलेला, भेग गेलेला रांजण उचलून आणवला आणि व्हरांड्याच्या टोकाला ठेवला. पाणी त्यात ठरत नव्हतंच. "ज्याले कोणाशी बोलता येत नाई, त्यानं यात तोंड घालून बोलाचं, झाकण ठेवाचं अन् निंगून जाचं," त्यांनी पोरांना सांगितलं. "अन् माह्याशी बोलाचं असन तं झाकण उलटं ठेवजा. शाळा सुटल्यावर मी निंबाखाली बसून राहीन." सुरुवातीला पोरांनी त्यात कोंबड्याची बांग दिली, एकमेकांना शिव्या घातल्या. मग हळूहळू व्हरांड्याच्या त्या टोकाचं हसणं कमी झालं, आणि आवारातल्या निंबाच्या पारावर मॅडम दिसू लागल्या.

गावाला हे पचेना. एक बाप तणतणत माझ्याकडे आला. "सर, ते बाई लेकरायच्या तोंडून घरचं काढून राह्यली. रांजणात मोबाईल ठेवला हाय म्हणते." मला ते लगेच पटलं. शाळा सुटल्यावर मी रांजणात खांद्यापर्यंत हात घातला. कोळिष्टकं निघाली, एक चिंचोका निघाला...

"काय शोधून राह्यले सर?" मागे मॅडम उभ्या होत्या.

"मोबाईल," मी सरळ सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. "नाई सापडला ना? मंग आता हात काढा अन् तोंड घालून पाहा." मी हात झटकला आणि घरची वाट धरली.

पोरं तुम्हाला काय सांगतात, हे मी त्यांना किती वेळा खोदून विचारलं! "तुमाले सांगितलं तं रांजण फुटलाच समजा," एवढंच उत्तर. माझ्या वर्गात तेव्हा एक मुलगी होती, तिचं पोट फक्त गणिताच्या तासाला दुखायचं. परीक्षेत पोरांचे खिसे, बाह्या, बूट तपासण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. ढोंग मला लांबून कळतं. मॅडम म्हणाल्या, "ढोंग नाई सर. भीतीनं खरंच दुखते पोट. तिले दाराजवळ बसवा, अन् थोडे दिवस फळ्यापाशी बोलावू नका." मी बसवलं, ते तिचं ढोंग उघडं पडावं म्हणून. तिचं पोट दुखायचं थांबलं. मी म्हटलं, योगायोग. त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्यासाठी आता जीव तुटतो.

शोकसभेत सगळ्यांनी त्यांना माउली करून टाकलं. सगळ्यात लांबलचक भाषण त्या मोबाईलवाल्या बापाचं झालं. शेवटी ठरलं, की मॅडमच्या रांजणाची भेग सिमेंटनं बुजवायची, रांजण रंगवायचा आणि त्यांच्या नावानं पाणपोई सुरू करायची. टाळ्या पडल्या. ज्या रांजणात पोरं बोलतात म्हणून गावाच्या पोटात दुखत होतं, तोच पाण्यानं काठोकाठ भरून टाकायचा, आणि तेही श्रद्धांजली म्हणून... हा भोळेपणा की हुशारी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गवंडी यायचा त्या सकाळी मी लवकर शाळेत गेलो. तो सिमेंटमध्ये रेती किती घालतो, हे कोणीतरी पाहायला हवं होतं. रांजणाचं झाकण उलटं होतं.

कोणाची तरी खोडी, हा माझा पहिला विचार. वाऱ्यानं उलटलं असेल, हा दुसरा. पण ते जड लाकडी झाकण वाऱ्यानं हलतही नाही. मॅडम गेल्या हे शाळेतल्या पोरापोराला माहीत होतं, आणि तरी कोणीतरी ते उलटं ठेवून गेलं होतं. मी गवंड्याला परत पाठवलं आणि हेडसरांना सांगितलं, या भेगेवर सिमेंट टिकणार नाही, पाणपोईसाठी नवा रांजण घ्या. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. पाहू देत.

शाळा सुटल्यावर मी निंबाखाली जाऊन बसलो. पोरं पांगली, आवार रिकामं झालं. कोणी येणार नाही असं मला वाटत होतं, आणि कोणी येऊ नये असंही. मग एक लेकरू आलं. कोण ते सांगणार नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. ते लांबच थांबलं आणि मला खालून वर न्याहाळू लागलं, परीक्षेच्या हॉलच्या दारात मी पोरांना न्याहाळतो तसं.

"सर, खिशात मोबाईल चालू तं नाई ना?"

मी मोबाईल काढला, बंद केला आणि पारावर ठेवला. तरी त्याची नजर हटेना. तेव्हा मी उभा राहिलो आणि दोन्ही खिसे उलटे केले. खडूचा तुकडा पडला, घराची किल्ली पडली, आणि खर्र्याची पुडी पडली. तीच तंबाखू-सुपारीची पुडी, जी सापडली म्हणून मी पोरांचे कान पिळले आहेत आणि त्यांच्या बापांना शाळेत बोलावलं आहे. लेकरानं पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं...

"मी कोणाले नाई सांगत सर," ते म्हणालं, आणि माझ्या शेजारी येऊन बसलं.