खंडेनवमीला वहिनीने थांबवलेलं पोकलेन

खंडेनवमीला मी म्हसावदला, माहेरी होते. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं एकूण एक लोखंड धुऊन पुजलं जातं... विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, आणि गेल्या काही वर्षांपासून दादाचं पोकलेन.

नाले, शेततळी खोदायचं ते मोठं पिवळं मशीन. दादा ते चालवतो, पण त्याचं तेलपाणी वहिनी बघते. तिच्या हायड्रॉलिक तेलाच्या डब्याला हात लावायची दादाचीही बिशाद नाही.

तेल ओतायचं नरसाळं ती धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. एवढं सोवळं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाली, मशीनचा तो लांब हात याच तेलाच्या जोरावर उचलला जातो, त्यात कचरा गेला की आतून सगळं घासून जातं.

दादाला मात्र चकचकीतपणाची हौस. आदल्या संध्याकाळी त्याने प्रेशर पंप आणून मशीनला पोळ्याच्या बैलासारखी आंघोळ घातली. सकाळी झेंडूचे हार चढवले, आणि मी आपली फोटो काढत सुटले.

आमची पद्धत अशी... पूजा झाली की नारळ फोडायचा, दादाने मशीन चालू करून त्या हाताच्या टोकाचं, माती उपसायचं बकेट उंच उचलायचं, सलामी द्यायची. मग दसऱ्याला वर्षाचं पहिलं काम. यंदा ते कळसाडीला होतं. एका शेतकऱ्याच्या पपईत परतीच्या पावसाचं पाणी साचलेलं, नाला गाळाने बुजलेला. पाण्यात उभी राहिली की पपईची मुळं सडतात, त्यामुळे तो सारखा फोन करत होता.

तर... आईच्या हातात आरतीचं ताट, दादा वर केबिनमध्ये चावी लावून बसलेला, भोवती सगळी गल्ली. आणि वहिनी मशीनच्या बाजूला वाकून टाकीची काच बघतेय. टाकीत तेल किती आहे ते त्या छोट्या काचेतून दिसतं.

"खाले उतरा. चावी मन्हाकडे द्या," ती दादाला म्हणाली. त्याला आधी गंमतच वाटली.

काचेतलं तेल कालच्यापेक्षा वर चढलं होतं. तेल कुणी ओतलं नव्हतं, बकेट कालच्याच जागी टेकलेलं, म्हणजे हातातलं तेलही टाकीत परत आलेलं नव्हतं... मग वाढलं कसं? शेजारचे काका म्हणाले, सणाला टाकी भरलेली दिसली, शुभच आहे. वहिनीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गुपचूप हाराची फुलं नीट करू लागले.

शेवटी दादाने सांगितलं. टाकीच्या झाकणाखालची धूळ निघेना म्हणून त्याने झाकणच काढलं होतं, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती आणि वरून पंप मारला होता. पूजेला बसवायचं मशीन, त्यावर कुठे धूळ राहायला नको, हा त्याचा हिशोब.

"टाकीमा पानी गयं व्हई तं पंप जाई," वहिनी म्हणाली. मशीन चालू झालं की आतला पंप ते पाणी तेलात घुसळणार, त्याचं ताक होणार, आणि ते ताक सगळ्या नळ्यांतून फिरणार. आमचं घर त्या एका मशीनवर चालतं. पंप गेला की हंगाम गेला.

"मुहूर्त टळी ऱ्हायना, समजस का तुले?" आई सगळ्यांसमोर तिला म्हणाली. चांगलीच चिडली होती. काचेतल्या बोटभर फरकासाठी सुनेने सलामी अडवावी, हे तिला अपशकुनासारखं वाटत होतं.

खरं सांगते, मला वहिनीची काळजी वाटली. आतून नुसतं तेलच निघालं असतं तर तिला हे जन्मभर ऐकावं लागलं असतं. पण तिने पदर खोचला, पाना घेतला, नव्या साडीत मशीनखाली शिरली आणि टाकीचं खालचं बूच ढिलं केलं.

पाणी आलं... नळाला यावं तसं, स्वच्छ पाणी. रात्रभर मशीन उभं होतं, म्हणून ते तळाशी जाऊन बसलं होतं. बादलीत धार पडत राहिली आणि अख्खी गल्ली ती बघायला वाकली.

मग धार गढूळ झाली, मग सोनेरी तेल आलं. तरी ती उठली नाही... काचेच्या बाटलीत तेल धरून उन्हात बघितलं, आणखी थोडं सोडलं, पुन्हा बघितलं. नवा फिल्टर बसवला, वरून नवीन तेल भरलं. दादा मुकाट्याने पाने पुरवत होता, आणि या सगळ्यात दुपार कधी कलली ते कळलं नाही.

मी बघत होते आणि एकच विचार येत होता. एवढी माणसं, सासूचा राग, हातात पुरावा काही नाही... तरी "थांबा" म्हणायचं. मला जमलं नसतं.

वहिनी बाहेर आली तेव्हा साडीचा काठ तेलाने माखलेला. आईकडे न बघताच हळू म्हणाली, "सकायना मुहूर्त तं गया, आई."

आईने ताटातलं कुंकू आधी तिच्या कपाळाला लावलं, मग मशीनला. म्हणाली, "आते तू म्हनशी तोच मुहूर्त."

तेव्हा मात्र एवढी खमकी बाई रडायला लागली. तेलाच्या हातांनी डोळे पुसले आणि सगळा चेहरा माखून घेतला. मग तिनेच दादाला मान हलवून खूण केली, आणि बकेट वर गेलं.

दसऱ्याला दुपारपर्यंत कळसाडीच्या पपईतलं पाणी उतरलं. वहिनी, फोनवर मला हे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते... तू आमच्या घरात आहेस, याचा मला फार अभिमान आहे.