कमळाबाईंच्या टिकल्या आणि गजभिये सरांचं विश्व

शुद्धलेखनासाठी आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, तीही अर्धी मराठीत आणि अर्धी हिंदीत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हाताला अजून सापडत नाही. शब्दही साधेच आहेत. पण संत्र्याच्या शेडमध्ये किस्से इतके जमतात की कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजेत. हात कामात आणि तोंड मोकळं! दहा-बारा माणसं समोरासमोर बसून मोठं संत्रं इकडे, लहान तिकडे करत असतात. सीझन संपेपर्यंत क्रेट सगळे जातात, किस्से इथेच राहतात.

आमच्या शेडचे बहुतेक किस्से गजभिये सरांचे आहेत.

* * *

सर रिटायर. पांढुर्ण्याला आयुष्यभर फिजिक्स शिकवलं आणि मग सौंसरच्या घरी आले. स्वतःची चाळीस झाडं. त्यांचा माल घेऊन पहिल्यांदा शेडवर आले तेव्हा दुपारच्या चहाची वेळ होती. कमळाबाई आमच्यात सगळ्यात जुन्या. त्यांनी सहज विचारलं, "सर, तुम्ही काय शिकवत होते?"

"फिजिक्स."

"म्हंजे काय असते ते?"

सर क्रेट उलटा करून बसले. ते दोन सीझन उठले नाहीत!

* * *

इथे माझी, म्हणजे भोजराजची, एक अडचण सांगून टाकतो.

आठवीत असताना मी वर्गात एक प्रश्न विचारला होता. आकाश कुठे संपते, असा काहीतरी. सगळा वर्ग हसला. शाळा सुटायचं कारण घरचं होतं, बाबांचा हात मोडला होता. पण हात बरा झाल्यावरही मी परत गेलो नाही, त्याचं कारण ते हसणं.

सर रोज चहाला विश्वाबद्दल बोलायचे आणि माझ्या मनात एक प्रश्न तयार झाला. दोन सीझन तो मनातच राहिला. यावर्षी सरांनी सांगितलं, "माल संपला का मी चाललो भोपाळले, पोरीकडे. आता तिकडेच." म्हणजे मला जे काही विचारायचं ते माल संपायच्या आत.

* * *

विश्व पसरत चाललं आहे म्हणजे काय, हे सरांनी दाखवलं त्या दिवशीची गोष्ट.

सरांनी बाजारातून हातभर लांब इलॅस्टिक आणलं. कमळाबाईंकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं. इलॅस्टिकवर बोटबोट अंतरावर टिकल्या लावल्या. "ही एकेक टिकली म्हणजे एकेक आकाशगंगा. एकेकीत अब्जावधी तारे. आता ओढा."

एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शेडचे मालक किसनभाऊ. आम्ही ओढलं. टिकल्या एकमेकींपासून दूर गेल्या.

"पहा," सर म्हणाले, "टिकली जागची चालली नाई. मधली जागा वाढली. अन् जी जितकी दूर, ती तितकी जोरात दूर चालली."

"पण मधात कोण हाय?" कमळाबाईंनी विचारलं.

"कोणीच नाई. पण जिच्यावर बसून पाहाल, तिले वाटते का आपणच मधात, अन् बाकीचे आपल्यापासून पळून राहिले."

"हे तर आमच्या सासूलेबी वाटे!"

शेड हसत असतानाच किसनभाऊंना जोर आला. त्यांनी इतकं ओढलं की इलॅस्टिक तटकन तुटलं! टिकल्या सगळीकडे उडाल्या, दोन त्यांच्या मिशीत.

किसनभाऊ वरमले. "सर, फाटलं तुमचं विश्व."

सर गंभीर. "असाबी एक अंदाज हाय शास्त्रज्ञांत. पसरता पसरता शेवटी फाटन म्हणून."

* * *

किसनभाऊंच्या ऑफिसात एक जुना टीव्ही पडला होता. पाठीमागे डबा असलेला. सरांनी तो लावायला लावला. अँटेना नाही, काही नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खर्रर्र आवाज.

"यातल्या थोड्याशा मुंग्या," सर म्हणाले, "विश्वाच्या सुरुवातीच्या हायेत. सुरुवातीले सगळं इतकं गरम अन् दाट होतं का उजेडालेबी वाट नव्हती. काही लाख वर्षांनी थंड झालं, तवा उजेड मोकळा झाला. तो अजून फिरून राहिला. थकून थकून आता रेडिओ, टीव्हीच्या लहरीसारखा झाला. अख्ख्या विश्वातला सगळ्यात जुना उजेड हाय तो."

आम्ही सगळे कामं सोडून मुंग्या पाहत उभे.

किसनभाऊ हळूच म्हणाले, "सर, म्हंजे लहानपणी मी घराच्या कवेलूवर चढून, अँटेना फिरवून फिरवून याच्याच मागे लागलो होतो? जा म्हणून?"

"हो."

"अन् त्याच्यापायी पडलो, पाय मोडला!"

त्या दिवशी मी प्रश्न विचारणार होतो. पण सगळे इतके गप्प उभे होते की माझा आवाज फार मोठा वाटला असता.

* * *

एकदा दुपारी दिल्लीचा व्यापारी फोनवर होता. किसनभाऊ त्याला सांगत होते, "एकदम ताजा माल है साहब, आज सुबह का तोड़ा हुआ!"

सर शेजारीच संत्रं सोलत होते. कमळाबाईंना समजावत होते. "रसात पाणी, पाण्यात हायड्रोजन. हा हायड्रोजन झाडानं नाई बनवला. विश्वाच्या अगदी सुरुवातीले बनला. म्हंजे या फोडीतला माल तेराशे ऐंशी कोटी वर्षं जुना हाय."

किसनभाऊंनी फोनवर हात ठेवला. "सर, पाया पडतो, हळू बोला! तो पैसे कापन!"

* * *

आता बसचा किस्सा.

दूर जाणाऱ्या आकाशगंगेचा उजेड लालसर होतो, हे सरांना आम्हाला आवाजावरून समजवायचं होतं. बस जवळ येताना हॉर्न बारीक ऐकू येतो, पुढे गेली की जाड होतो. उजेडाचंही तसंच काहीतरी, लाटा ताणल्या जातात. तर सगळ्यांनी रस्त्यावर यायचं, छिंदवाड्याहून नागपूरला जाणारी बस समोरून जाईल, कान देऊन ऐकायचं.

आम्ही बारा जण रांगेने उभे. बस दिसली. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी हात वर केला. "आली!"

हात वर केल्यावर बस काय करणार? थांबली! कंडक्टर दार उघडून, "चलो चलो, नागपूर, नागपूर! बारा सवारी?"

सर म्हणाले, "नाई हो, बसायचं नाई. तुम्ही फक्त हॉर्न वाजवत जोरात निघून जा."

कंडक्टर आमच्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "काहून?"

सरांनी त्याला तिथेच, बस उभी ठेवून, विश्व पसरतं कसं ते सांगितलं. बसमधले लोक खिडक्यांतून ऐकत होते. कोणी ओरडलं नाही. एक म्हातारा तर म्हणाला, "पूर्ण सांगू द्या ना मास्तरले!"

मग ड्रायव्हरनं बस पार बोरगावच्या बाजूला मागे नेली, तिथून वेगात आणली आणि हॉर्नवर हात ठेवून आमच्यासमोरून नेली. पीईईई... पोंओंओं. आवाज पडला तो सगळ्यांनी ऐकला. बारा जणांनी टाळ्या वाजवल्या.

सर मात्र बस दिसेनाशी झाली तरी रस्त्याकडे पाहत होते. म्हणाले, "आयुष्यभर फळ्यावर शिकवलं. बस रिव्हर्स घेणारा विद्यार्थी आज भेटला."

* * *

माल संपला. शेवटच्या गाडीत शेवटचा क्रेट चढला, आणि शेवटचा चहा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर जाणार होते. सरांनी विचारलं, "कोणाचं काही विचारायचं राह्यलं काय?"

कमळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं, पण दोन सीझन समोर बसणाऱ्या माणसाला कळतंच.

"विचार बापू," त्या म्हणाल्या.

मी कपाकडे पाहूनच बोललो. "सर, सगळं एका जागी दाटून होतं, मग पसरलं, असं तुम्ही म्हणता. तर ती जागा कुठं हाय? आता जायचं म्हटलं तर कोण्या गावाले जावं लागन?"

किसनभाऊ फसकन हसले. "भोज्या, तिकीट काढून राहिला काय बे?"

सगळे हसले. माझे कान तापले. आठवीतला वर्ग पुन्हा डोळ्यांपुढे आला. मी उठणारच होतो.

सर हसले नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला. "किसनभाऊ, हसू नका. हाच प्रश्न मले कॉलेजात पडला होता. मी भेलो अन् विचारला नाई. यानं विचारला."

मग माझ्याकडे वळले. "भोजराज, कोठंच जावं लागत नाई. एक रिकामी जागा होती अन् तिच्यात कोठंतरी स्फोट झाला, असं नाई ते. जागाच पसरली. तवा जे सगळं एकाजवळ होतं, तेच आता दूर दूर झालं. म्हणून सुरुवात सगळीकडेच झाली. भोपाळले झाली. जाम नदीच्या या काठाले पांढुर्ण्यात झाली, त्या काठाले सावरगावात झाली. अन् इथंबी झाली. या शेडमधी. तू बसला तिथं."

कमळाबाईंनी खाली जमिनीकडे पाहिलं. पाला, साली, चिखलाचे पाय उमटलेले. त्या उठल्या. पायातल्या चपला काढल्या, दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि परत येऊन आपल्या जागी बसल्या.

मग दुसऱ्या बायांनी काढल्या. मग मी. किसनभाऊंचे लेसचे बूट, ते घरातसुद्धा लवकर काढत नाहीत. ते वाकून गाठ सोडत बसले. गाठ सुटेना, तरी सोडत बसले.

सर सगळं पाहत होते. शेवटी त्यांनी आपल्या सँडल काढल्या, हातात घेतल्या आणि स्वतः जाऊन आमच्या चपलांच्या रांगेत ठेवल्या.

"प्या आता," परत येऊन म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी सरांच्या घरी गेलो. ते अंगणात पेटीला दोरी बांधत होते. मी फाटकाची कडी वाजवली. मला दुसरा प्रश्न विचारायचा होता.